कॅमेऱ्याच्या दुकानाची निरवानिरव

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतली कॅमेरा-दुकानांची सर्वांत मोठी साखळी बुडाली आणि तिला बुडवण्यात मोठा वाटा होता बोटींचा. रिट्झ कॅमेरा सेंटर्स या कंपनीची कॅमेऱ्यांची सुमारे ८०० दुकानं होतीच, शिवाय ‘बोटर्स वर्ल्ड’ या नावाने नांगर, दोरखंड, जीवरक्षक जाकिटं विकणारी वेगळी शंभरावर दुकानंही होती. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल भडकलं, घरांच्या किमती तर आधीपासूनच कोसळत होत्या आणि हौशी लोकांनी बोटी किनाऱ्यावरच बांधून ठेवल्या. तिकडचा तोटा भरून काढायला कॅमेऱ्यांच्या गल्ल्यातला पैसा जाऊ लागला आणि नेमका त्याच काळात तो गल्लाही आटत होता. दिवाळखोरीच्या अर्जासोबत धनकोंची जी यादी जोडली गेली तिच्यात विनातारण उधारीवाल्यांत सर्वांत वर निकॉन होती. पुढच्या नावांत कॅननही होती. म्हणजे दुकानाच्या कपाटात दिसणारा बराचसा माल उधारीवर आलेला होता.

या साखळीची सुरुवात १९१८ ची. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या सहलीच्या गावात बेंजामिन रिट्झ यांनी पोर्ट्रेट स्टुडिओ काढला. पुढे धंदा वॉशिंग्टन शहराकडे सरकला आणि फोटो धुऊन देणं हे त्याचं मुख्य काम झालं. यातली मेख अशी की, कॅमेऱ्याचं दुकान कॅमेऱ्यावर फारसं जगत नसे. कॅमेऱ्यावरचा नफा पातळ असायचा. खरी कमाई होती ती रोळ, डेव्हलपिंग, प्रिंट, फ्रेम, अल्बम आणि पिशवीत. गिऱ्हाईक कॅमेरा एकदा घ्यायचं, पण बारसं, वाढदिवस, सहल असं निमित्त झालं की रोळ घेऊन पुन्हा काउंटरवर यायचं. त्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस नोरित्सू या जपानी कंपनीने दुकानाच्या मागच्या खोलीत मावेल एवढं डेव्हलपिंगचं यंत्र आणलं. फोटो तासाभरात मिळू लागले. रिट्झने हा तासाभराचा धंदा हेरला आणि १९८०-९० च्या दशकांत जिथे जिथे मॉल उभा राहिला तिथे तिथे पिवळ्या दिव्यांचं एक दुकान थाटलं.

दुकानं वाढवण्याचा रिट्झचा दुसरा मार्ग होता, दुसऱ्याचं बुडालेलं विकत घेण्याचा. टेक्सासमधली ‘फॉक्स फोटो’ ही जुनी साखळी १९८६ मध्ये कोडॅकने घेतली होती. कोडॅकला ती झेपेना, म्हणून १९९८ मध्ये त्यांनी ती अटलांटाच्या ‘वुल्फ कॅमेरा’ला विकली. चक वुल्फ या माणसाने १९७४ मध्ये एका दुकानापासून सुरू केलेल्या कंपनीच्या गळ्यात एका रात्रीत शेकडो दुकानं आली. २००१ मध्ये वुल्फ कॅमेराच दिवाळखोर ठरली आणि तिची दुकानं रिट्झने उचलली. आठ वर्षांनी पाळी रिट्झची. फॉक्स, कोडॅक, वुल्फ, रिट्झ असा हा वारसा चालत आला आणि प्रत्येक वारसाने आधीच्याचं ओझं उतरवून घेताना आपल्याला घबाड मिळालं असंच मानलं. कोडॅकही जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाच्या दारात जाऊन उभी राहिली.

रिट्झला डिजिटल कळलंच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. २००३ मध्ये त्यांनी ‘डकोटा डिजिटल’ नावाचा, एकदा वापरून परत करायचा डिजिटल कॅमेरा अकरा डॉलरच्या आत विकायला ठेवला. फोटो काढायचे, कॅमेरा दुकानात द्यायचा, दुकान प्रिंट आणि सीडी देणार, कॅमेरा पुसून पुन्हा मांडणीवर. रोळाच्या धंद्याचंच हे डिजिटल सोंग होतं. उचापती तंत्रज्ञांनी तो काही महिन्यांतच उघडला, स्वतः वायर जोडली आणि फोटो थेट कॉम्प्युटरवर उतरवले. मग दुकानात परत कशाला जायचं? तो कॅमेरा बनवणाऱ्या ‘प्युअर डिजिटल’ने पुढे ‘फ्लिप’ हा खिशातला व्हिडिओ कॅमेरा काढला. ती कंपनी २००९ मध्ये, म्हणजे रिट्झ बुडाली त्याच वर्षी, सिस्कोने सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली आणि २०११ मध्ये फ्लिप बंदही करून टाकला. या धंद्यात शहाणपणाची किंमत अशी तासातासाला बदलत होती.

दुकान बंद पडलं की मालाचं काय होतं, हे गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसतं. दारावर ‘दुकान बंद होत आहे, सर्व माल विकणे आहे’ असा लाल-पिवळा फलक लागला की त्याला वाटतं, अडलेला दुकानदार मिळेल त्या भावात विकतोय. प्रत्यक्षात त्या दिवशी आत दुकानदार नसतोच. बोस्टनची गॉर्डन ब्रदर्स ही कंपनी १९०३ पासूनची, तर शिकागोजवळची हिल्को त्या मानाने नवखी. अशा मोडीवाल्या कंपन्या, म्हणजे लिक्विडेटर, न्यायालयात बोली लावतात. बोली म्हणजे हमी : तुमच्या मालातून अमुक इतकी रक्कम धनकोंना मिळवून देऊ, त्याच्या वर जे सुटेल त्यातला वाटा आमचा. हमी एकदा दिली की दर दिवसाचं भाडं, वीज, पगार यांचा हिशेब त्यांच्या डोक्यावर. त्यामुळे सगळा खेळ वेळेचा.

या खेळाला ठरलेल्या पायऱ्या आहेत. पहिल्या आठवड्यात दुकानातले चालू सवलतीचे भाव काढून टाकतात आणि वस्तूवर छापील किंमत चढवतात. त्यावर १० ते ३० टक्के सूट. शेजारच्या दुकानात किंवा ऑनलाइन तोच कॅमेरा त्याहून स्वस्त असू शकतो. पण फलक पाहून आत आलेला माणूस भाव विचारायला बाहेर जात नाही. २००९ च्याच सुरुवातीला सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीची ५६७ दुकानं अशीच मोडीत निघाली तेव्हा, बंद होण्याआधी भाव कमी होते, अशी तक्रार गिऱ्हाईक जागोजाग करत होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूट ५० टक्क्यांवर जाते. तोवर चांगल्या लेन्सा गेलेल्या असतात आणि उरतात फिल्टर, न चालणाऱ्या मापाच्या पिशव्या आणि कुठल्या कॅमेऱ्याला बसतो हे कुणालाच आठवत नाही असा चार्जर. त्यातच लिक्विडेटर आपल्या गोदामातला बाहेरचा मालही मिसळतो. कॅमेऱ्याच्या दुकानात अचानक भिंतीवरची घड्याळं दिसू लागली तर समजावं की ती या दुकानाची कधीच नव्हती. विक्री अंतिम. परत घेणं नाही, बदलून देणं नाही, आणि जुनं गिफ्ट कार्ड कुठल्या मुदतीपर्यंत चालेल हे न्यायाधीश ठरवणार.

मॉलमधला सेल उरकला की मग खरा लिलाव येतो. आता तो बहुतेक वेळा ऑनलाइन असतो, पण माल बघायला एक दिवस दार उघडतात. आत दिवे अर्धे, कपाटांच्या काचा काढलेल्या, जमिनीवर चिकटपट्टीचे आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एक लॉट. एका लॉटमध्ये प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ओतलेले दहा-बारा शोकेसमधले कॅमेरे. कुणाच्या बुडाला चोरी रोखायच्या तारेचा डिंक अजून चिकटलेला, कुणाला बॅटरी नाही, कुणाची फ्लॅश लावायची पट्टी झिजलेली. वर्षभर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांचं बटण दाबून बघितलेलं, पण त्यांतून एकही लग्न किंवा एकही सामना टिपलेला नाही. यादीत त्यांच्यापुढे एकच शेरा : तपासलेले नाहीत. शेजारच्या क्रेटमध्ये चाळीस लेन्स-झाकणं, तीन ट्रायपॉड, दोन प्रकाशमापक आणि तळाशी, कागदात गुंडाळलेली, कुणाच्या नजरेतून सुटलेली एखादी मॅन्युअल फोकसची जुनी लेन्स. धंदेवाईक बोली लावणारे कॅमेऱ्याच्या क्रेटभोवती न घुटमळता या दुसऱ्या क्रेटपाशी उकिडवे बसतात.

नवखा माणूस गोत्यात येतो तो शेवटच्या आकड्यात. १९७५ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज आणि सदबीज या लिलावघरांनी खरेदीदाराकडूनही बोलीवर दहा टक्के प्रीमियम घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून ही प्रथा जगभर पसरली, आणि मोडीच्या लिलावात तो १५ ते १८ टक्क्यांपर्यंत सहज जातो. म्हणजे ५०० डॉलरला ‘जिंकलेल्या’ क्रेटवर १८ टक्के, ९० डॉलर. त्यावर विक्रीकर. दोन दिवसांत स्वतःची गाडी घेऊन माल उचलायचा, नाहीतर रक्कम जप्त. आत बारापैकी चार कॅमेरे मेलेले निघाले तर विचारायचं कुणाला? सगळ्या अटींच्या मुळाशी एकच अट असते आणि ती मराठी वाचकाला परकी नाही. बँकांच्या आणि दिवाळखोर कंपन्यांच्या लिलावाच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांत ‘जसे आहे जेथे आहे’, ‘जसे आहे जे आहे’ असे शब्द हमखास असतात. घराची चावी असो की लेन्सची पेटी, विकणारा एवढंच सांगतो की हे आहे. चालतं की नाही, हे तो सांगत नाही.

मुंबईच्या चोरबाजारात जुना कॅमेरा घेणारा या अटीखालीच वाढलेला असतो. तिथे हातोडा नाही की प्रीमियम नाही, पण परतीची बोलीही नाही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी लेन्स उघडून मागून बॅटरीचा झोत टाकतं आणि भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली आहे का ते बघतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं कातडी कव्हरात बंद राहिलेल्या लेन्सला हा रोग हटकून होतो, आणि एकदा बुरशीने काचेचा लेप खाल्ला की साफ करूनही डाग राहतात. त्यानंतर शटर सर्वांत कमी वेगावर टाकून कानाशी धरायचं. सेकंदाचा वेग खरंच सेकंदभर घुरघुरतो का, मध्येच अडखळतो का. अमेरिकेतल्या गोदामात तपासणीच्या दिवशी अनुभवी खरेदीदार करतात ते यापेक्षा वेगळं काही नसतं.

रिट्झची गोष्ट २००९ मध्ये संपली नाही. संस्थापकाच्या घराण्यातले डेव्हिड रिट्झ यांनी भागीदार जमवून त्याच उन्हाळ्यात आपल्याच कंपनीच्या लिलावात बोली लावली आणि निम्म्याहून कमी दुकानं परत मिळवली. घरच्या भांड्यांवर घरच्यानेच बोली लावायची, हे दृश्य अशा प्रकरणांत वाटतं तितकं विरळ नसतं. पण मधल्या काळात खिशातल्या फोनने कॅमेरा गिळायला सुरुवात केली होती. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले, तो कळस होता. २०१३ मध्ये तोच आकडा सव्वासहा कोटींच्या आसपास आला. तीन वर्षांत निम्मा. जून २०१२ मध्ये २६५ दुकानांसह रिट्झ पुन्हा न्यायालयात आली आणि सप्टेंबरच्या लिलावात विषय संपला : नाव आणि संकेतस्थळ न्यू जर्सीच्या सी अँड ए मार्केटिंगकडे, बहुतेक दुकानं मोडीवाल्यांकडे. मोडीवाले तेच, गॉर्डन ब्रदर्स आणि हिल्को.

इंग्लंडात जेसप्सचं मरण त्याहून झटपट झालं. १९३५ मध्ये लेस्टरला फ्रँक जेसप यांनी काढलेल्या दुकानाची पुढे देशव्यापी साखळी झाली होती. ९ जानेवारी २०१३ रोजी प्रशासक नेमले गेले, ११ जानेवारीला सर्व १८७ दुकानं बंद झाली आणि सुमारे १,३७० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ख्रिसमसला भेट मिळालेली व्हाउचर दोन आठवड्यांत कागद झाली. एका शाखेच्या कर्मचाऱ्यांनी जाता जाता दारावर चिठ्ठी लावली, तिच्यात ॲमेझॉनवर खरेदी केल्याबद्दल गिऱ्हाइकांचे आभार मानले होते. त्या चिठ्ठीचा फोटो देशभर फिरला. तो टिपला बहुधा फोनवरच.

मार्च २०१४ मध्ये शिकागोच्या कॅल्युमेटची पाळी आली. ही साखळी मॉलमधल्या हौशी गिऱ्हाइकाची नव्हती, ती व्यावसायिक फोटोग्राफरांची पंढरी होती. १९३९ पासूनचा धंदा. १९५५ मध्ये तिने कोडॅकच्या मास्टर व्ह्यू कॅमेऱ्याचे हक्क घेऊन तो स्वतःच्या नावाने बनवला होता. स्टुडिओतले दिवे, मोठे कॅमेरे, भाड्याने मिळणाऱ्या लेन्सा, सगळं एका छताखाली. कॅल्युमेटने पुनर्रचनेचं ‘चॅप्टर ११’ ओलांडून थेट मोडीचं ‘चॅप्टर ७’ गाठलं आणि अमेरिकेतली दुकानं एका सकाळी उघडलीच नाहीत. युरोपातल्या शाखा वेगळ्या असल्यामुळे वाचल्या. भाड्याच्या विभागातला माल असा बाजारात येतो तेव्हा जाणकारांचे डोळे लकाकतात आणि भुवयाही उंचावतात : लेन्स उत्तम कंपनीची, पण शंभर हातांतून गेलेली, विमानांच्या पोटातून फिरलेली. इथेही अमेरिकेतली मालमत्ता अखेर सी अँड ए मार्केटिंगकडेच गेली. एका खरेदीदाराच्या गोदामात अशी दोन जुन्या साखळ्यांची नावं शेजारी शेजारी येऊन बसली.

या सगळ्या मोडीत ज्या वस्तूला कुणी हात लावत नव्हतं ती म्हणजे मिनीलॅब, दुकानाच्या मागच्या खोलीतलं ते तासाभरात फोटो देणारं यंत्र. नवी असताना लाखभर डॉलरच्या घरातली ही यंत्रं लिलावात कवडीमोल झाली, आणि त्याला कारणही होतं. कपाटाएवढं धूड, उचलायला फोर्कलिफ्ट लागणार, टाक्यांत रसायनं उरलेली, फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली, त्यामुळे गटारात ओतता येत नाही. हलवण्याचा खर्च बोलीपेक्षा जास्त. महाराष्ट्रातही नव्वदच्या दशकात तालुक्या-तालुक्यांत निघालेल्या कलर लॅबांची यंत्रं पुढे अशीच भंगारात गेली. तिकडे काही शहाण्यांनी मात्र एक गोष्ट केली. यंत्राचा प्रिंट काढणारा भाग टाकून त्यांनी फिल्म स्कॅन करणारा भाग तेवढा ठेवला. फुजीचा फ्रंटियर एसपी-३००० आणि नोरित्सूचा एचएस-१८०० हे ते स्कॅनर. पुढच्या दशकात तरुणांमध्ये रोळाची फॅशन परतली, नव्याने फिल्म लॅब निघाल्या आणि त्यांना हवा होता नेमका हाच स्कॅनर, कारण त्या तोडीचा नवा कुणी बनवत नव्हतं. तेव्हापासून त्यांचे भाव चढत गेले आहेत. सुट्या भागांसाठी मेलेला स्कॅनरही खपतो.

जर्मनीत याच न्यायाने एक अख्खा कारखाना वाटला गेला. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोर झाल्यावर लेव्हरकूझेनची काही यंत्रं ॲडॉक्स या छोट्या फिल्म कंपनीच्या हाती लागली आणि कृष्णधवल साहित्य बनवण्याच्या कामी आली. सर्वांत नाट्यमय प्रकरण मात्र पोलरॉइडचं, आणि ते थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यात एकाच कंपनीची निरवानिरव तीन वेगवेगळ्या बाजारांत झाली.

पोलरॉइड पहिल्यांदा दिवाळखोर झाली ऑक्टोबर २००१ मध्ये. २००५ मध्ये ती टॉम पेटर्स या उद्योजकाच्या समूहाने ४२ कोटी ६० लाख डॉलरला घेतली. २००८ मध्ये हेच पेटर्स अब्जावधी डॉलरच्या फसवणुकीत पकडले गेले आणि डिसेंबरमध्ये पोलरॉइड पुन्हा न्यायालयात. झटपट फोटोची फिल्म बनवणं कंपनीने त्याआधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, थांबवणार असल्याचं जाहीर केलं होतं. एप्रिल २००९ मध्ये नावाचा लिलाव झाला. जिंकले कोण? हिल्को आणि गॉर्डन ब्रदर्स यांची जोडगोळी, सुमारे पावणेनऊ कोटी डॉलरला. ज्या महिन्यांत रिट्झची कपाटं रिकामी होत होती, त्याच महिन्यांत मोडीवाल्यांनी कॅमेरा-जगातलं सर्वांत ओळखीचं नाव विकत घेतलं होतं. त्यात यंत्र एकही नव्हतं.

दुसरा बाजार होता कलेचा. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी अँसेल ॲडम्ससारख्या फोटोग्राफरांना फिल्म देऊन, त्यांचं काम घेऊन मोठा संग्रह जमवला होता. धनकोंचे पैसे फेडायला तोही निघाला. जून २०१० मध्ये न्यूयॉर्कला सदबीजने दोन दिवसांत त्यातली शेकडो चित्रं सुमारे सव्वा कोटी डॉलरला विकली. ॲडम्स यांच्या योसेमिटी खोऱ्यातल्या हिवाळी वादळाच्या भव्य प्रिंटलाच ७ लाख २२ हजार ५०० डॉलर आले. आपली चित्रं एका संग्रहात राहतील या भरवशावर दिली होती, ती अशी विखुरली, याबद्दल काही कलावंतांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ती रास्तच होती. पण दिवाळखोरीच्या न्यायालयात भरवशाला लॉट नंबर नसतो.

तिसरा बाजार भरला नेदरलँड्समधल्या एन्सखेडे गावी, पोलरॉइडच्या शेवटच्या फिल्म कारखान्यात, आणि तो पहिल्या दोघांच्याही आधी भरला. जून २००८ मध्ये तिथे कारखाना बंद होण्याचा निरोपसमारंभ होता. व्हिएन्नाचे फ्लोरियान काप्स हे जुन्या पोलरॉइड फिल्मचे विक्रेते तिथे गेले आणि त्यांची गाठ पडली कारखान्याचं उत्पादन सांभाळणाऱ्या आंद्रे बोसमान यांच्याशी. यंत्रं भंगारात तोडायची ठरलेलीच होती. दोघांनी भांडवल जमवलं आणि ती ३१ लाख डॉलरला विकत घेतली, इमारतीचा काही भाग भाड्याने घेतला, जुन्या कामगारांपैकी मोजके परत बोलावले आणि उद्योगाचं नाव ठेवलं ‘द इम्पॉसिबल प्रोजेक्ट’. नाव अचूक होतं, कारण यंत्रं मिळाली तरी फिल्मला लागणारी कित्येक रसायनं बनवणारे कारखाने बंद झाले होते आणि सूत्र नव्याने शोधावं लागणार होतं. मार्च २०१० मध्ये पहिली फिल्म निघाली. ती डागाळलेली, फिकट, लहरी होती. उन्हात काढली तर उजेडाने खराब व्हायची, थंडीत वेगळाच रंग धरायची. तरी लोकांनी घेतली.

सात वर्षं हे असंच चाललं. मे २०१७ मध्ये इम्पॉसिबलमधल्या सर्वांत मोठ्या भागधारकाने पोलरॉइड हे नाव आणि त्यासोबतचे हक्क विकत घेतले. २०२० पासून एन्सखेडेच्या त्याच यंत्रांवरून निघणाऱ्या फिल्मच्या खोक्यावर पुन्हा नुसतं ‘पोलरॉइड’ छापलं जातं.